सैनिकांचे हात दुर्बल करणारे
स्वदेशावरील टीका आणि देशभक्ती: एक ऐतिहासिक चिंतन

१५ ऑगस्ट हा दिवस आपल्या धर्मग्रामांत दुहेरी सणाचा असतो. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आटोपली की त्याच अंगणात ध्वजवंदन होते, मुले राष्ट्रगीत म्हणतात, आणि खाऊ वाटला जातो. अशाच एका सकाळी एका वयस्क कॅटेकिस्टांनी मला बाजूला घेऊन विचारले, "फादर, देशावर प्रेम करा असे आपण वर्गात मुलांना सांगतो. पण आपला देश चुकतो आहे असे एखाद्याला मनापासून वाटले आणि ते त्याने बोलून दाखविले, तर त्याचे देशावरचे प्रेम आटले असे समजायचे का?" त्या वेळी मी दिलेले उत्तर घाईचे होते. प्रस्तुत लेख हे त्याच प्रश्नाला सावकाश दिलेले उत्तर होय.

हा प्रश्न केवळ तात्त्विक चर्चेने सुटणारा नाही. इतिहासात तो नेहमी एका विशिष्ट माणसावरील विशिष्ट आरोपाच्या रूपाने उभा राहिला आहे. म्हणून येथे दोन खटल्यांचा विचार करावयाचा आहे. पहिला यरुशलेमेतील, इ. स. पूर्व ५८७ च्या सुमाराचा. दुसरा बर्लिनमधील, इ. स. १९४३ सालचा. दोहोंमध्ये अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. तरीही दोन्ही ठिकाणचा आरोप जवळजवळ शब्दशः एकच आहे, आणि हीच गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१. यरुशलेमेतील आरोपी

यिर्मया हा बन्यामीन प्रांतातील अनाथोथ गावच्या याजककुळात जन्मलेला माणूस. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले. पुढील चाळीस वर्षे त्याने आपल्याच राष्ट्राला अप्रिय सत्य सांगण्यात घालविली. मंदिर आहे म्हणून नगर सुरक्षित आहे, ह्या समजुतीवर त्याने मंदिराच्याच अंगणात उभे राहून आघात केला. परदेशी, अनाथ आणि विधवा ह्यांच्यावर अन्याय करावयाचा आणि मग मंदिरात येऊन निर्धास्त व्हावयाचे, ही देवाच्या घराची लुटारूंची गुहा करणे होय, असे त्याचे म्हणणे होते. ह्याच शब्दांचे स्मरण पुढे प्रभू येशूने त्याच नगरातील मंदिरात करून दिले, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

ह्या प्रवचनानंतर त्याला मृत्युदंड द्यावा अशी मागणी प्रथम कोणी केली? राजाने नव्हे, सेनापतीनेही नव्हे. ती मागणी याजकांनी आणि संदेष्ट्यांनी केली, म्हणजे आपल्या भाषेत बोलावयाचे तर धर्मगुरूंनी आणि धर्मोपदेशकांनी. त्याचा जीव वाचला तो देशातील काही वृद्धांमुळे. पूर्वी हिज्कीया राजाच्या दिवसांत मीखा संदेष्ट्यानेही यरुशलेमेच्या नाशाचे भाकीत केले होते, आणि राजाने त्याला ठार न मारता देवाचे भय धरले होते, ह्या घटनेची त्यांनी सभेला आठवण दिली. राष्ट्राच्या स्मरणात टीकाकाराचा सन्मान जपून ठेवलेला असला तर तो पुढच्या पिढीतील टीकाकाराचे प्राण वाचवू शकतो, हा ह्या प्रसंगाचा एक लहानसा पण मोलाचा धडा आहे. सर्वांचेच नशीब तसे नव्हते. त्याच काळातील उरीया नावाचा संदेष्टा मिसर देशात पळून गेला असता राजाच्या माणसांनी त्याला तेथून पकडून आणून ठार केले.

पुढे बाबेलच्या नबुखद्नेस्सराने नगराला वेढा घातला. यिर्मया म्हणू लागला की हे युद्ध आपण हरणार आहोत, आणि ते केवळ सैन्य अपुरे पडल्यामुळे नव्हे. तेव्हा शरण जा आणि लोकांचे प्राण वाचवा. युद्धाच्या ऐन भरात हे बोलणे किती असह्य वाटले असेल ह्याची कल्पना करता येते. चार सरदार राजाकडे गेले. त्यांचा आरोप असा की हा मनुष्य नगरात उरलेल्या सैनिकांचे हात दुर्बल करीत आहे, आणि त्याला ह्या लोकांचे हित नको असून अहित हवे आहे. सिद्कीया राजा मनाने दुबळा होता. त्याने यिर्मयाला त्यांच्या स्वाधीन केले, आणि त्यांनी त्याला दोरांनी एका विहिरीत सोडले. तीत पाणी नव्हते, गाळ होता. त्याला तेथून वर काढणारा स्वजातीय नव्हता. तो राजवाड्यातील एबद-मलेख नावाचा कूशी सेवक होता. दोरांनी काखा कापल्या जाऊ नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्या खाली सोडल्या, हा बारकावाही पवित्र शास्त्राने जपून ठेवला आहे.

हे चार सरदार काल्पनिक नव्हते. यरुशलेमेतील उत्खननात त्यांपैकी दोघांची नावे असलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत: शलेम्याचा पुत्र युकाल ह्याची २००५ साली, आणि पशहूराचा पुत्र गदल्या ह्याची २००८ साली. त्याआधी १९३५ साली लाखीश येथे त्याच युद्धकाळातील, खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रे मिळाली होती. त्यांतील एका पत्रात काही वरिष्ठांच्या शब्दांनी हात दुर्बल होत असल्याची तक्रार आहे. ह्यावरून असे दिसते की 'हात दुर्बल करणे' हा त्या काळच्या राजकीय भाषेतील रूढ शब्दप्रयोग होता. आज आपण ज्याला मनोधैर्य खच्ची करणे म्हणतो, तोच त्याचा अर्थ.

आता आरोपाचा दुसरा भाग तपासू. यिर्मयाला लोकांचे अहित हवे होते काय? ह्याची तीन उत्तरे त्याच्या ग्रंथातच आहेत.

पहिले असे की, ह्या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस असे देवाने त्याला एकदा नव्हे, तीनदा बजाविले आहे. जो प्रार्थना करीतच नाही त्याला ती थांबविण्यास तीनदा सांगावे लागत नाही.

दुसरे, वेढा चालू असताना आणि तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना त्याने आपला चुलतभाऊ हनामेल ह्याच्याकडून अनाथोथ येथील शेत विकत घेतले. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे ग्रॅम, त्याने तागडीत तोलून दिली, साक्षीदार बोलाविले, खरेदीखताची एक मोहरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती बारूखाकडून मातीच्या भांड्यात ठेवविल्या. शत्रूच्या सैन्याने व्यापलेल्या मुलखातील जमीन रोख पैसे मोजून घेणारा हा माणूस त्या देशाचे अहित चिंतीत होता असे म्हणणे कठीण आहे. ह्या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हा त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासासाठी त्याने गाठचे पैसे खर्च केले होते.

तिसरे उत्तर नगर पडल्यानंतरचे आहे. विजयी सेनेच्या अधिकाऱ्याने त्याला मोकळे केले आणि दोन वाटा पुढे ठेविल्या: बाबेलास यावे, तेथे त्याची नीट व्यवस्था लावली जाईल; अथवा हवे तेथे राहावे. शत्रूचा हस्तक म्हणून ज्याला कैद केले होते, त्याने शत्रूचा पाहुणचार नाकारला. तो मिस्पा येथे, मागे उरलेल्या दरिद्री लोकांत जाऊन राहिला. पुढे ते लोक त्याचा सल्ला झुगारून मिसरात पळाले तेव्हा त्यालाही त्यांनी बरोबर नेले. चुकीच्या वाटेने जाणाऱ्या आपल्या लोकांसमवेत तो अखेरपर्यंत राहिला.

२. सेंट राडेगुंड गावचा शेतकरी

दुसरा खटला एका शेतकऱ्याचा आहे. फ्रान्झ येगरश्टेटर ह्याचा जन्म २० मे १९०७ रोजी उत्तर ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड ह्या खेड्यात झाला. ज्या ब्राउनाउ गावी हिटलर जन्मला तो ह्याच परिसरातला. तरुणपणी फ्रान्झ काही फार भाविक नव्हता. १९३६ साली फ्रान्झिस्का हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर त्याच्या श्रद्धेला खोली आली. तीन मुली झाल्या. १९४१ पासून तो गावच्या चर्चचा सेवेकरी म्हणून काम पाहू लागला: घंटा वाजविणे, वेदीची तयारी करणे, अंत्यविधीच्या वेळी धर्मगुरूंना साह्य करणे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असा एक माणूस असतोच. त्याचे शिक्षण खेड्यातील शाळेपुरते होते. परंतु तो पवित्र शास्त्र आणि संतचरित्रे नियमाने वाची, आणि वहीत आपले विचार टिपून ठेवी.

१९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि एप्रिलमध्ये त्या विलीनीकरणावर सार्वमत घेण्यात आले. अनेक धर्माधिकाऱ्यांनी होकाराची शिफारस केली होती. सेंट राडेगुंडमध्ये नकाराचे एकच मत पडले, ते फ्रान्झचे. गावच्या अधिकाऱ्यांनी तेही दडपून पूर्ण एकमत झाल्याचे वर कळविले. त्या वर्षी आपल्याला पडलेल्या एका स्वप्नाविषयी त्याने पुढे लिहून ठेवले आहे. एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येत आहे, लहानथोर तिच्याकडे धावत आहेत, कोणी कोणाला अडवू शकत नाही, आणि ही गाडी नरकाकडे जात आहे असे एक वाणी सांगत आहे. त्या गाडीत त्याला त्या काळची राजवट दिसली.

त्याला सैन्यात बोलाविण्यात आले. १९४० च्या ऑक्टोबरपासून पुढल्या एप्रिलपर्यंत त्याने लष्करी शिक्षणही घेतले. परंतु घरी परतल्यावर, हे युद्ध अन्यायाचे आहे आणि त्यात शस्त्र धरणे आपल्याला पापावाचून शक्य नाही, असा त्याचा निश्चय झाला. वेड्या आणि पंगू माणसांना सरकार गुप्तपणे मारीत असल्याच्या वार्ताही त्याच्या कानी आल्या होत्या. १९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणे आले. १ मार्च रोजी तो एन्स येथील छावणीत हजर झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने लढण्यास नकार दिला. प्रथम लिंझच्या, आणि मे महिन्यापासून बर्लिनमधील टेगेल येथील लष्करी तुरुंगात त्याला ठेवण्यात आले. रुग्णसेवकाचे काम करण्याची तयारी त्याने दर्शविली होती; ती मान्य झाली नाही. ६ जुलै १९४३ रोजी लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला. ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्या वेळी तो ३६ वर्षांचा होता.

ज्या कलमाखाली त्याला दोषी ठरविले त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो: राष्ट्राच्या लढाऊ शक्तीचे विघटन करणे. सिद्कीयाच्या सरदारांना हे शब्द मुळीच परके वाटले नसते.

त्याच टेगेलच्या तुरुंगात, त्याच उन्हाळ्यात, डीट्रिख बोनहोफर हे ल्युथरन पंथाचे धर्मशास्त्रज्ञही कैदेत होते. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. बोनहोफर मोठ्या घराण्यातील विद्वान. फ्रान्झ खेड्यातील शेतकरी. १९३९ च्या जूनमध्ये बोनहोफर अमेरिकेत सुरक्षित होते. तेथे त्यांना कामही देऊ करण्यात आले होते. परंतु ह्या संकटात स्वदेशीयांबरोबर राहिलो नाही तर युद्धानंतरच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा मला अधिकार उरणार नाही, ह्या विचाराने महिनाभरातच ते जहाजाने परत निघाले. अत्याचारी राजवट टिकण्यापेक्षा देशाचा पराजय पत्करणारा हा माणूस पराजयाचे दुःख आपल्या लोकांबरोबर भोगावयास परतला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्यांना फाशी देण्यात आली. अनाथोथचे शेत ह्याहून वेगळे काय सांगते?

३. सल्ला देणारे

येथवरची कथा सोपी आहे. एका बाजूला दुष्ट राजवट, दुसऱ्या बाजूला सत्पुरुष. परंतु आपणा धर्मगुरूंना आणि कॅटेकिस्टांना अस्वस्थ करणारा भाग ह्यानंतरचा आहे.

फ्रान्झला परावृत्त करू पाहणारे केवळ सरकारी लोक नव्हते. गावातील शेजारी, नातलग, आणि त्याचे धर्मगुरूही त्यांत होते. छावणीत हजर होण्यापूर्वी तो लिंझ येथे धर्मप्रांताचा कारभार पाहणारे बिशप योसेफुस फ्लीसर ह्यांना भेटावयास गेला. फ्रान्झिस्का बाहेर थांबली होती. बिशपांनी त्याला समजाविले की राज्यकर्त्यांच्या कृत्यांची जबाबदारी सामान्य प्रजाजनावर येत नाही, आणि त्याचे पहिले कर्तव्य पत्नीमुलांविषयीचे आहे. तो खिन्न होऊन बाहेर आला. तेही भीत आहेत, असा त्याचा समज झाला.

बिशपांना दोष देण्याची घाई करू नये. त्यांच्या धर्मप्रांतातील अनेक धर्मगुरू तुरुंगांत व छळछावण्यांत होते. समोर बसलेला अनोळखी शेतकरी गुप्त पोलिसांनी पाठविलेला नाही, ह्याची खात्री त्यांना कोणी दिली असती? आणि तीन लहान मुलींच्या बापाला 'मर' असे कोणता मेंढपाळ सांगेल? त्यांचा सल्ला करुणेतून आलेला होता. पण आपली परीक्षा नेमकी येथेच आहे. क्रूरतेने दिलेला चुकीचा सल्ला ओळखता येतो. करुणेने दिलेला ओळखणे फार कठीण जाते.

ह्या प्रसंगाला आणखी एक पदर आहे. लिंझचे पूर्वीचे बिशप योहानेस ग्फ्योलनर ह्यांनी २१ जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या काही दिवस आधी, एक मेंढपाळपत्र काढले होते. चांगला कॅथलिक आणि खरा नाझी एकाच वेळी होणे अशक्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. (त्याच पत्रात यहुदी लोकांविषयी पूर्वग्रहदूषित विधानेही होती, हे सत्याला स्मरून नमूद केले पाहिजे.) हे पत्र धर्मप्रांतात सर्वत्र पोहोचले. पुढे वारे बदलले. १९३८ नंतर त्याचा उच्चार करणे धोक्याचे झाले, आणि पुष्कळांनी ते विसरणे सोयीचे मानले. सेंट राडेगुंडच्या शेतकऱ्याने ते विसरण्यास नकार दिला. चर्चने जे शिकविले ते खरे असेल तर ते १९३३ साली खरे होते आणि १९४३ सालीही खरेच असले पाहिजे, एवढाच त्याचा साधा युक्तिवाद होता. त्याने नवे काहीच सांगितले नाही. त्याला शिकविलेला धडा त्याने शिकविणाऱ्यांपुढे म्हणून दाखविला.

तुरुंगात त्याला एकच मोठा दिलासा मिळाला. बर्लिनमधील तुरुंगाचे धर्मगुरू हाइनरिख क्रॉयट्सबर्ग ह्यांनी त्याला सांगितले की आदल्या वर्षी फ्रान्झ राइनिश नावाच्या एका धर्मगुरूने हिटलरशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन मरण पत्करले होते. आपण एकटे नाही हे कळताच त्याच्या मनावरचा भार उतरला. जुलैमध्ये पत्नीची आणि त्याची वीस मिनिटांची अखेरची भेट झाली. बेड्या घातलेल्या हातांनी त्याने जे लिहून ठेवले त्यात, इच्छा बेड्यांत अडकण्यापेक्षा हात अडकलेले बरे, अशा आशयाचा विचार आहे. ज्याच्यावर इतरांचे हात दुर्बल केल्याचा आरोप होता, त्याने आपल्या बांधलेल्या हातांकडे पाहून तो लिहिला.

४. मरणानंतरची वाट

युद्ध संपले, राजवट गेली, तरी निकाल लगेच फिरला नाही. गावातील कित्येक घरांतील पुरुष रणांगणावर पडले होते. फ्रान्झ बरोबर होता असे म्हटले तर आमची मुले कशासाठी मेली, हा त्या घरांचा प्रश्न होता आणि तो खरा प्रश्न होता. फ्रान्झिस्काला युद्धविधवेचा भत्ता आरंभी नाकारण्यात आला. १९४६ साली धर्मप्रांताच्या पत्रात त्याच्यावरील लेख छापण्यास बिशप फ्लीसर ह्यांनी अनुमती दिली नाही. कर्तव्य म्हणून लढून मेलेले तरुणच त्यांना अधिक अनुकरणीय वाटत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्झची रक्षा गावच्या चर्चच्या भिंतीलगत पुरण्यात आली.

पुढे गॉर्डन झान हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दुसऱ्याच संशोधनासाठी जर्मनीत गेले असता त्यांना ही हकीकत सापडली. १९६४ साली त्यांनी त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. येथे ह्या कथेचा धागा अनपेक्षितपणे आपल्या भूमीशी जुळतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली फ्रान्झचा दाखला ज्यांनी मांडला ते थॉमस रॉबर्ट्स हे येशूसंघीय धर्मगुरू १९३७ पासून १९५० पर्यंत मुंबईचे आर्चबिशप होते. स्वतंत्र होऊ घातलेल्या भारतात मुंबईच्या गादीवर भारतीय धर्मगुरू असावा म्हणून ते स्वखुशीने बाजूला झाले, आणि व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांच्या जागी आले. स्वतः इंग्रज असून ब्रिटनच्या अण्वस्त्रांवर ते उघड टीका करीत. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्या माणसाला चर्चने एकटे सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता.

७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात ह्या विषयाला स्थान मिळाले. विवेकाच्या कारणास्तव शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांनी समाजाची अन्य प्रकारे सेवा करण्याचे मान्य केले, तर कायद्याने त्यांना माणुसकीने वागवावे, असे ते सांगते. त्याच परिच्छेदात देशाच्या सेवेत प्रामाणिकपणे सैनिकी कर्तव्य बजावणाऱ्यांना लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक म्हटले आहे. देशभक्तीविषयी अन्यत्र ते म्हणते की ती उदार व निष्ठावंत असावी, परंतु तिने मन संकुचित होऊ नये. अखिल मानवकुटुंबाचे हित नजरेसमोर असावे. एकाला मान देण्यासाठी दुसऱ्याचा अवमान करावा लागत नाही, हा ह्या मांडणीतील समतोल लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झवरील शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे जेथून तो खिन्न होऊन परतला होता त्याच शहरात, त्याला 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. ९४ वर्षांची फ्रान्झिस्का त्या विधीला उपस्थित होती. २०१३ साली, वयाची शंभरी पूर्ण करून, ती देवाघरी गेली.

५. कसोट्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देशावर टीका करणारा प्रत्येक जण यिर्मया नसतो, हे मान्य केलेच पाहिजे. टीकेतही अहंकार असतो, सूड असतो, कधी नुसती सवय असते. पवित्र शास्त्रात ह्याचेही उदाहरण आहे. योना संदेष्ट्याने निनवेला नाशाचा इशारा दिला, मग तो नगराबाहेर मांडव घालून नाश पाहण्यासाठी सावलीत बसला; आणि नाश टळला तेव्हा त्याला राग आला. नगर परके होते हे खरे. पण स्वदेशाविषयीही असे बसणारे थोडे नाहीत. योनाचा मांडव आणि यिर्मयाचे शेत ह्यांतील फरक समजला म्हणजे कसोटी हाती आली.

टीकाकार कोठे उभा आहे, हे प्रथम पाहावे. तो 'तुम्ही' म्हणतो की 'आपण'? ज्या लोकांचे पाप तो दाखवितो त्यांत तो स्वतःला मोजतो काय? त्यानंतर पाहावे की त्याच्या बोलण्याची किंमत कोण मोजतो. यिर्मयाने आणि फ्रान्झने ती स्वतः मोजली. मात्र फ्रान्झच्या बाबतीत त्याच्या पत्नीलाही ती मोजावी लागली, आणि तिने ती तक्रार न करता मोजली, हे विसरता कामा नये. अखेरीस पाहावे की ज्या देशाला तो दोष देतो त्याच्या उद्यावर त्याचा विश्वास आहे काय. तेथे तो शेत घेईल काय?

हीच कसोटी स्तुती करणाऱ्यालाही लावून पाहावी. हनन्या संदेष्ट्याने यिर्मयाच्या मानेवरील जू मोडून दोन वर्षांत सर्व काही ठीक होईल असे जाहीर केले तेव्हा लोकांना तोच खरा देशभक्त वाटला असेल. त्याच्या शब्दांनी सैनिकांचे हात बळकट झाले असतील. परंतु त्या बळकट हातांनी नगर वाचले नाही. उलट शरणागतीने जे प्राण वाचले असते तेही गेले. गाळात उतरविलेल्या माणसाने नगराचे जेवढे हित चिंतिले तेवढे हनन्याने चिंतिले नाही.

आपण, ह्या पत्रिकेचे वाचक, बहुतेक लहान ख्रिस्ती समाजांत सेवा करतो. कोठे कोकणी-पोर्तुगीज परंपरेच्या सावलीत, कोठे कानडी शेजारात, कोठे हिंदी, गुजराती वा तेलुगू मुलखात मराठीत प्रार्थना करणारी आपली मंडळी आहे. अशा लहान समाजाला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते असे वाटत राहते. आणि निष्ठा सिद्ध करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गप्प राहणे. हा मोह मी इतरांत पाहिला आहे तसाच स्वतःतही पाहिला आहे. त्या सकाळी कॅटेकिस्टांना मी घाईने जे उत्तर दिले ते असे होते: "असले विषय वर्गात न काढलेले बरे." ते उत्तर करुणेचे होते, सावधपणाचेही होते. लिंझच्या त्या खोलीत दिलेल्या उत्तराशी त्याचे नाते किती जवळचे आहे, हे मला फ्रान्झची हकीकत वाचताना उमगले.

वर्गातील मुलांना आपण जे शिकवितो ते त्यांतला एखादा खरे मानणार आहे. परदेशी, अनाथ आणि विधवा ह्यांच्याविषयी, शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी, सत्य बोलण्याविषयी आपण जे धडे देतो ते वीस वर्षांनी तो आपल्यापुढे, किंवा आपल्या जागी बसलेल्या कोणापुढे, म्हणून दाखवील. त्या वेळी त्याला काय सल्ला द्यावा हे मी आज सांगू शकत नाही. प्रत्येकाने मरण पत्करावे असे कोणी सांगूही नये. पण निदान एवढे तरी आपल्या हाती आहे की 'तू देशाचा वैरी आहेस' असे म्हणणाऱ्यांत आपला आवाज नसावा. आणि तो गाळात उतरविला गेलाच, तर दोर सोडताना त्याच्या काखांखाली घालावयास चार जुन्या चिंध्या आपल्याजवळ असाव्यात.

त्या कॅटेकिस्टांना आता माझे उत्तर असे आहे: नाही, त्याचे प्रेम आटले असे समजू नये. त्याने शेत कोठे घेतले आहे ते आधी पाहावे.